दूरशिक्षणातून एम.लिब.: ग्रंथालय हाताशी ठेवून अभ्यास कसा करावा

ग्रंथालय आणि माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी दूरशिक्षणातून घ्यायची आहे असे सांगणारी मंडळी पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारतात: विद्यापीठ कोणते घ्यावे, शुल्क किती पडेल आणि पेपर किती असतात. तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे माहितीपत्रकात सापडतात. चौथा प्रश्न फार थोडे विचारतात आणि माझ्या मते पदवीचा कस त्याच प्रश्नावर लागतो: वर्षभर मला कोणत्या ग्रंथालयात बसू देतील? या विषयाचा सिद्धान्त छापील घटकांतून घरपोच येतो, व्याख्याने पडद्यावर दिसतात. पण पुस्तक हातात घेऊन त्याचा विषय ठरवणे, वर्गांक (विषयानुसार दिलेला क्रमांक) बांधणे, नोंद करणे, ते योग्य फळीवर लावणे आणि वाचकाने मागितले की दोन मिनिटांत काढून देणे, हे हाताला लागणारे वळण आहे. १८८७ साली मेल्विल ड्यूई यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालनाची पहिली शाळा काढली, त्याआधी हे काम ग्रंथालयात उमेदवारी करूनच शिकले जाई. दूरस्थ विद्यार्थ्याला शाळा आणि उमेदवारी या दोहोंची सांगड स्वतःच घालावी लागते.

ही पदवी कोणत्या पायरीवर येते

अर्ज भरण्याआधी एक फरक नीट समजून घ्यावा. भारतातील बहुतेक विद्यापीठांत कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर आधी एक वर्षाची बी.लिब. (ग्रंथालयशास्त्राची पदवी) आणि मग एक वर्षाची एम.लिब. (पदव्युत्तर पदवी) अशी दोन पायऱ्यांची रचना आहे. काही ठिकाणी या दोन पायऱ्या जोडून दोन वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम केलेला आहे. अमेरिका आणि कॅनडा येथे मात्र ग्रंथालयशास्त्रातील वेगळी पदवी आधी असावी लागत नाही. कोणत्याही विषयातील पदवीधराला थेट पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रवेश मिळतो आणि तीच पदवी व्यवसायात शिरण्याची किमान पात्रता मानली जाते. ब्रिटनमध्येही पदवीनंतर थेट पदव्युत्तर अभ्यासक्रमाला जाता येते.

या फरकाचा परिणाम अभ्यासावर होतो. जिथे आधी बी.लिब. झालेली असते, तिथे वर्गीकरण आणि तालिकीकरणाची (पुस्तकांच्या नोंदी करून सूची बनवण्याची) मुळाक्षरे येतात असे गृहीत धरून एम.लिब.चा पहिला घटक सुरू होतो. जिथे थेट प्रवेश आहे, तिथे ती मुळाक्षरे पहिल्या सत्रात वेगाने उरकली जातात. बी.लिब. होऊन आठ-दहा वर्षे लोटली असतील, तर प्रवेशानंतरचा पहिला महिना जुन्या वह्या काढण्यासाठी राखून ठेवावा. नाहीतर पुढील सर्व पेपर जड जातात आणि त्याचे कारणही लक्षात येत नाही.

मान्यता तपासताना

मान्यता आहे, एवढे ऐकून समाधान मानू नये. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे का, हा अभ्यासक्रम मान्य आहे का, तो दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवायला परवानगी आहे का आणि ती परवानगी आपल्या प्रवेशाच्या सत्राला लागू आहे का, हे चारही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग अशी परवानगी अभ्यासक्रमनिहाय देतो आणि मान्य संस्थांची यादी प्रसिद्ध करतो. त्या यादीतील आपल्या विद्यापीठाचे पान प्रवेश घेतला त्या दिवशी उतरवून, तारखेसह छापून ठेवावे. पाच वर्षांनी नोकरीच्या वेळी कागदपत्रांची छाननी होते, तेव्हा तो एक कागद बऱ्याच चौकश्यांना उत्तर देतो.

अमेरिकेत आणि कॅनडात अमेरिकन लायब्ररी असोसिएशन ही संघटना विद्यापीठाला सरसकट मान्यता देत नाही, ती विशिष्ट पदव्युत्तर अभ्यासक्रमाला देते. म्हणून नामांकित विद्यापीठ असले तरी त्याचा हा अभ्यासक्रम संघटनेच्या यादीत आहे का, ते पाहावे लागते. या यादीत पूर्णतः ऑनलाइन चालणारे अभ्यासक्रमही आहेत. सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटी ही पदवी संपूर्णपणे ऑनलाइन शिकवते आणि इलिनॉय विद्यापीठाने तर १९९६ सालीच ग्रंथालयशास्त्राचा दूरस्थ पर्याय सुरू केला होता. ब्रिटनमध्ये हेच काम चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन प्रोफेशनल्स ही संस्था करते.

यानंतर उलट्या टोकाने एक तपासणी करावी. आपल्याला ज्या प्रकारची नोकरी हवी आहे तिच्या अलीकडच्या चार-पाच जाहिराती काढून त्यांतील पात्रतेची अट शब्दशः वाचावी. भारतात महाविद्यालयीन ग्रंथपालाच्या पदासाठी सर्वसाधारणपणे पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे लागते, राखीव प्रवर्गांना गुणांत ५ टक्क्यांची सवलत असते. नुसते उत्तीर्ण होणे आणि ५५ टक्के मिळवणे यांतील अंतर अनेकांना निकाल लागल्यावर कळते, म्हणून ते आधीच सांगून ठेवते. शाळेत ग्रंथपाल व्हायचे असेल तर काही देशांत अध्यापनाचा परवानाही वेगळा काढावा लागतो.

अर्ज आणि कागदपत्रे यांविषयी फार सांगण्यासारखे नाही. गुणपत्रिकेवरील आणि ओळखपत्रावरील नाव अक्षरशः जुळते आहे ना, हे पाहावे. शुल्काची पावती, अर्जाची प्रत आणि नोंदणी क्रमांक एकाच फाइलमध्ये ठेवावेत. आणि परीक्षेचा अर्ज प्रवेश अर्जाहून वेगळा असतो, त्याची तारीख दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहावी. अभ्यास पूर्ण असूनही परीक्षा अर्जाची तारीख हुकल्यामुळे सहा महिने थांबलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

वेळेचा खरा हिशेब

इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. या मापाने ४ श्रेयांकांचा एक पेपर म्हणजे १२० तास होतात. वर्षभरात असे ८ पेपर घेतले तर ९६० तास लागतात आणि वर्षातील ४८ आठवडे अभ्यास केला असे धरले, तर दर आठवड्याला २० तास द्यावे लागतात. नोकरी, घर आणि प्रवास सांभाळून आठवड्याला वीस तास देणे सोपे नाही. बहुतेक दूरस्थ अभ्यासक्रमांना किमान कालावधीपेक्षा जास्त मुदत दिलेली असते. ती मुदत आळशी विद्यार्थ्यांसाठी ठेवली आहे असे समजू नये. आठवड्याला दहाच तास निघत असतील तर प्रवेश घेतानाच दोन वर्षांचा बेत करावा आणि निम्मे पेपर पुढच्या वर्षावर ठेवावेत. एका वर्षात सारे उरकण्याच्या हट्टापायी ५५ टक्क्यांच्या खाली राहिलेली पदवी नंतर फार सलते.

उपलब्ध तासांची विभागणी करताना एक तृतीयांश वेळ ग्रंथालयात घालवायचा असे ठरवून टाकावे.

आपले ग्रंथालय मिळवणे

मी शिकत असताना प्रात्यक्षिकाच्या संपर्कसत्रात (अभ्यासकेंद्रावरील प्रत्यक्ष वर्गात) आम्ही चोवीस जण होतो आणि पुस्तकांना विषयानुसार दशांश क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश वर्गीकरणाचा चार खंडांचा एकच संच होता. सापेक्ष निर्देशाचा, म्हणजे विषयांच्या अकारविल्हे सूचीचा, चौथा खंड दिवसभरात माझ्या वाट्याला दहा मिनिटे आला. पुढचे सत्र समुपदेशक, म्हणजे शिकवणारे शिक्षक, न आल्याने रद्द झाले आणि परीक्षेला दोन महिने उरले होते. तेव्हा मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथपालांना जाऊन भेटले आणि दर शनिवारी दुपारी दोन ते पाच संदर्भ विभागातील संच वापरू देण्याची विनंती केली. त्यांनी अट घातली की शेवटचा अर्धा तास वाचकांनी टेबलावर सोडलेली पुस्तके परत फळीवर लावायची. ती अट म्हणजे माझ्या संपूर्ण अभ्यासक्रमातला सर्वात चांगला धडा निघाला. कारण चुकीच्या जागी गेलेले पुस्तक हरवल्यासारखेच असते, ही गोष्ट घटकात वाचून पटत नाही. दशांश चिन्हानंतरचा एक अंक चुकून वाचला आणि पुस्तक तीन फळ्या खाली गेले की ती मनात कायमची बसते.

तेव्हा प्रवेश निश्चित झाला की पहिल्याच आठवड्यात जवळच्या महाविद्यालयीन, सार्वजनिक किंवा एखाद्या संस्थेच्या ग्रंथालयात जावे. विनंती तोंडी करून थांबू नये, एक पानाचे पत्र द्यावे. त्यात आपला अभ्यासक्रम, आठवड्याचे तास, कोणती कामे शिकायची आहेत आणि त्या बदल्यात आपण कोणते काम करू शकतो हे स्पष्ट लिहावे. ग्रंथपालांना सहसा मनुष्यबळाची चणचण असते. ग्रंथ पडताळणी, जुन्या दाखलनोंदी (ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांच्या नोंदी) संगणकावर चढवणे, फाटक्या पुस्तकांची यादी करणे ही कामे वर्षानुवर्षे तुंबलेली असतात. आपण होऊन ती मागितली तर नकार क्वचितच मिळतो. एकाच विभागात अडकून न पडता ग्रंथ खरेदी, दाखलनोंद, वर्गीकरण, देवघेव, नियतकालिके आणि संदर्भसेवा अशा सर्व टेबलांवर निदान काही दिवस बसायला मिळेल असे पाहावे.

संदर्भसेवेच्या टेबलाविषयी थोडे अधिक लिहिते, कारण तिथे जे शिकायला मिळते ते घरी बसून मिळणारच नाही. एकदा एका गृहस्थांनी येऊन कागदाविषयीचे पुस्तक मागितले. मी कागदनिर्मितीच्या फळीकडे, म्हणजे ६७६ या क्रमांकाकडे निघाले होते. ग्रंथपालांनी मला थांबवले आणि त्यांना शांतपणे तीन प्रश्न विचारले: कागद कशासाठी हवा आहे, नवा की जुना, आणि तुमच्याकडे काही कागद आहेत का? तेव्हा कळले की वडिलांची जुनी पत्रे कसर खाऊ लागली आहे आणि ती वाचवण्याचा उपाय त्यांना हवा आहे. त्यांचे पुस्तक ०२५.८४ या क्रमांकावर, ग्रंथ आणि कागदपत्रांच्या जतनाच्या विभागात होते. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा आणि वाचकाचा वेळ वाचावा, हे भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दोन नियम परीक्षेत सगळेच लिहितात. त्या तीन प्रश्नांनंतर मला ते खरोखर कळले.

वर्गीकरणाचा सराव

वर्गीकरणाचा पेपर पाठांतराने सुटत नाही, त्याला रोजचा सराव लागतो. माझी पद्धत अशी होती: दर आठवड्याला पाच पुस्तके घ्यायची, प्रत्येकाचे शीर्षकपृष्ठ, अनुक्रमणिका आणि प्रस्तावना वाचायची, विषय एका वाक्यात लिहायचा, स्वतः वर्गांक बांधायचा आणि त्यानंतरच अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या किंवा वर्ल्डकॅट या अनेक ग्रंथालयांच्या सामाईक ऑनलाइन तालिकेत (ग्रंथसूचीत) त्या पुस्तकाला कोणता वर्गांक दिला आहे ते पाहायचे. आधी पाहिले तर सराव वाया जातो. दोन्ही क्रमांक जुळले नाहीत तर फरक का पडला ते वहीत लिहायचे.

एक उदाहरण बारकाईने पाहू. मराठी कादंबरी समोर आहे. ८०० म्हणजे साहित्य, त्यात ८९१.४ म्हणजे आधुनिक भारतीय आर्य भाषांचे साहित्य, ८९१.४६ म्हणजे मराठी. आता साहित्यप्रकार जोडायचा: १ कविता, २ नाटक, ३ कथात्म साहित्य, ४ निबंध. म्हणून कादंबरीचा वर्गांक ८९१.४६३ होतो. इथपर्यंत कोणी चुकत नाही. आता मराठी कादंबरीच्या इतिहासाचे आणि समीक्षेचे पुस्तक घ्या. इतिहासासाठी ०९ हा प्रमाण उपविभाग (विषयाच्या क्रमांकाला जोडायचा ठरीव अंक) पाठ असतो, त्यामुळे हात आपोआप ८९१.४६३०९ असे लिहून मोकळा होतो. बरोबर वर्गांक ८९१.४६३००९ असा आहे. एक शून्य जास्त का? कारण साहित्याच्या कोष्टकात कथात्म साहित्यानंतरचे एक शून्य आधीच विशिष्ट प्रकारांना दिलेले आहे: ०१ लघुकथेला, ०८ रहस्यकथा, ऐतिहासिक कथा यांसारख्या प्रकारांना. म्हणून सर्वसाधारण इतिहास आणि समीक्षेला दोन शून्यांची जागा मिळाली. हे कारण एकदा उमगले की कोष्टकातील सूचना वाचण्याची सवय लागते, आणि ती सवय हेच या पेपरचे गुपित आहे.

भौगोलिक कोष्टक त्या मानाने सरळ आहे. सार्वजनिक ग्रंथालये ०२७.४, कोष्टकातील भारताचा अंक ५४, म्हणून भारतातील सार्वजनिक ग्रंथालयांवरील पुस्तकाला ०२७.४५४. मात्र अंक थेट जोडायचा की आधी ०९ लावायचे, हे प्रत्येक ठिकाणी त्या त्या क्रमांकाखालच्या सूचनेवर अवलंबून असते. अंदाजाने लावू नये.

भारतातील अभ्यासक्रमांत रंगनाथन यांचे १९३३ साली प्रथम प्रसिद्ध झालेले द्विबिंदू वर्गीकरणही असते. आता फार थोड्या ग्रंथालयांत ते वापरात आहे, तेव्हा ते कशाला शिकायचे, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. मला ती पटत नाही. कोणताही विषय व्यक्तित्व, पदार्थ, क्रिया, स्थळ आणि काळ या पाच मूलभूत अंगांत उकलून पाहायची दृष्टी त्यातून मिळते. पुढे शब्दसंग्रह तयार करताना, शोधासाठी संज्ञा निवडताना, एवढेच काय, संकेतस्थळाचे विभाग पाडतानाही ती उपयोगी पडते.

तालिकीकरण आणि संगणक

इथे एक अडचण येते, ती आधी सांगते. अनेक ठिकाणच्या छापील घटकांत अजून १९७८ सालच्या एएसीआर-२ या नियमावलीप्रमाणे नोंदी शिकवल्या जातात, तर २०१० साली आलेली आरडीए ही नियमावली आता मोठ्या ग्रंथालयांत रुळली आहे. परीक्षेसाठी आपल्या घटकात जे दिले आहे तेच लिहावे, परंतु दोन्हींतला फरक वहीत समोरासमोर मांडून ठेवावा. जुन्या नियमांत तीनपेक्षा जास्त लेखक असले तर पहिल्याचे नाव देऊन पुढे इत्यादी लिहीत आणि मुख्य नोंद शीर्षकाखाली करीत. नव्या नियमांत सर्व लेखकांची नावे देता येतात. जुन्या नियमांतील पुष्कळशी संक्षिप्त रूपे नव्या नियमांत पूर्ण शब्दांत लिहितात. असे दहा-बारा फरक लक्षात राहिले तर मुलाखतीतही बोलता येते.

संगणकीय नोंदीसाठी मार्क २१ हा नोंदीतील प्रत्येक माहितीला ठरीव क्रमांकाचे क्षेत्र देणारा आराखडा हाताखालून जायलाच हवा. १९६० च्या दशकात लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये हेन्रिएट अव्हराम यांच्या पुढाकाराने मार्क तयार झाला आणि आजही जगभरातील ग्रंथालये त्याच पायावर नोंदींची देवाणघेवाण करतात. सुरुवातीला सात क्षेत्रे पक्की करावीत: ०२० आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक), ०८२ ड्यूई वर्गांक, १०० लेखक, २४५ शीर्षक, २६४ प्रकाशन, ३०० आकार आणि पृष्ठसंख्या, ६५० विषय. २४५ या क्षेत्राचा दुसरा दर्शक अंक क्रम लावताना शीर्षकाची सुरुवातीची किती अक्षरे सोडायची हे सांगतो. इंग्रजी शीर्षक द या उपपदाने सुरू होत असेल तर तीन अक्षरे आणि मोकळी जागा मिळून तिथे ४ येतो. मराठीत असे उपपद नसल्याने तिथे ० येतो. आयएसबीएनच्या शेवटच्या अंकाचीही एकदा हाताने पडताळणी करून पाहावी: तेरा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करावी, तिला १० ने पूर्ण भाग गेला पाहिजे. नोंद करताना एखादा अंक चुकला की संगणक तो लगेच कसा पकडतो, ते यातून समजते.

कोहा ही ग्रंथालयाचे कामकाज चालवणारी प्रणाली आपल्या संगणकावर स्वतः बसवून पाहावी. ती मुक्त स्रोत आहे, २००० साली न्यूझीलंडमधील एका सार्वजनिक ग्रंथालयात प्रथम सुरू झाली आणि लिनक्सवर चालते. पहिल्या प्रयत्नात ती बसेलच असे नाही. दोन शनिवार-रविवार गेले तरी हरकत नाही. बसली की त्यात आपल्या घरातल्या पन्नास पुस्तकांची नोंद करावी, दोन खोटे वाचक तयार करावेत, त्यांना पुस्तके देऊन परत घ्यावीत, उशिराचा दंड लावून पाहावा. शक्य झाल्यास डीस्पेस या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटे अंकीय भांडारही उभारून पाहावे. अंकीय ग्रंथालयाच्या पेपरमधील निम्मे प्रश्न या दोन कामांतून सुटतात, आणि उरलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे लिहिताना आपल्याकडे सांगण्याजोगे अनुभवाचे काही असते.

स्वाध्याय

स्वाध्यायांना (घरी लिहून द्यायच्या उत्तरांना) अंतिम गुणांत ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के अशी वाटणी मुक्त शिक्षणात पुष्कळ ठिकाणी आढळते. तरीही स्वाध्याय हा उरकून टाकायचा भाग समजला जातो, विकत मिळणारी तयार उत्तरे उतरवून दिली जातात. असे करू नये, आणि त्याचे कारण केवळ प्रामाणिकपणाचे नाही. स्वाध्यायाचे प्रश्न बहुधा परीक्षेच्याच वळणाचे असतात. ते स्वतः शोधून लिहिले तर निम्मा अभ्यास तिथेच होतो. उत्तर लिहिताना घटकातील व्याख्या दिल्यावर आपल्या ग्रंथालयातील एक उदाहरण जोडावे. ग्रंथनिवड धोरणावर प्रश्न असेल तर त्या ग्रंथालयात शिफारस कोण करते, समिती किती वेळा बसते, अंदाजपत्रक कसे वाटले जाते, हे दोन वाक्यांत लिहावे. तपासणाऱ्याला पन्नास सारख्या उत्तरांत असे उत्तर लगेच ओळखू येते. स्वाध्याय देताना प्रत ठेवून घ्यावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये. गुणपत्रिकेवर स्वाध्यायाचे गुण दिसत नाहीत ही तक्रार अगदी नेहमीची आहे, आणि पोच नसेल तर तिचे निवारण होत नाही.

संशोधन आणि लघुप्रबंध

संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्राचा पेपर पाहून साहित्याच्या शाखेतून आलेले विद्यार्थी घाबरतात. त्यांनी ग्रंथमितीपासून, म्हणजे ग्रंथ व लेखांच्या मोजदादीपासून, सुरुवात करावी, कारण तिथे आकडे पुस्तकांचेच असतात. १९२६ साली आल्फ्रेड लोटका यांनी दाखवले की एखाद्या विषयात एकच लेख लिहिणारे जितके असतात, त्यांच्या सुमारे एक चतुर्थांश दोन लेख लिहिणारे आणि सुमारे एक नवमांश तीन लेख लिहिणारे असतात. सॅम्युअल ब्रॅडफर्ड यांनी १९३४ साली एखाद्या विषयाचे लेख थोड्या गाभ्याच्या नियतकालिकांत कसे एकवटतात आणि बाकीचे दूरवर कसे विखुरतात, ते मांडले. कोणत्याही एका मुक्त नियतकालिकाचे दोन-तीन वर्षांचे अंक घ्यावेत, लेखकांची नावे तक्त्यात उतरवावीत आणि लोटकांचे प्रमाण जुळते का ते मोजावे. एका दुपारचे काम आहे, पण सूत्राची भीती जाते. पुरेसे लेख नसतील तर प्रमाण जुळणार नाही. ते का जुळले नाही हाही अभ्यासच आहे.

लघुप्रबंधाचा किंवा प्रकल्पाचा विषय आपण ज्या ग्रंथालयात वर्षभर बसलो तिथूनच उचलावा. अमुक विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या माहितीविषयक गरजा, अशा विस्तृत विषयांना प्रश्नावली पाठवावी लागते आणि घरी बसलेल्या दूरस्थ विद्यार्थ्याला ती भरून मिळत नाही. त्याऐवजी पाच वर्षांत एकदाही देवघेव न झालेली पुस्तके कोणत्या विषयांतील आहेत, तालिकेतील विषयशीर्षके वाचकांच्या शब्दांशी जुळतात का, संदर्भ टेबलावर एका महिन्यात आलेल्या प्रश्नांचे प्रकार कोणते, असे विषय घ्यावेत. यांची आकडेवारी ग्रंथालयातच असते, फक्त परवानगी लेखी घ्यावी आणि वाचकांची नावे नोंदींतून आधी काढून टाकावीत. कोणी काय वाचले ही खासगी बाब आहे. तिची जपणूक शिकणे हाही या पदवीचा भाग आहे.

वाचन साहित्यासाठी भरमसाट खर्च करण्याची गरज नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे घटक ई-ज्ञानकोश या भांडारात सर्वांना खुले आहेत, भारतीय विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगेवर मिळतात, आणि ई-लिस हे तर ग्रंथालय व माहितीशास्त्रापुरतेच काढलेले आंतरराष्ट्रीय भांडार आहे. संदर्भ जमवताना पहिल्या दिवसापासून झोटेरो हे संदर्भ साठवणारे सॉफ्टवेअर वापरावे. शेवटच्या आठवड्यात दीडशे संदर्भ हाताने जुळवणारा ग्रंथपाल होऊ पाहणारा विद्यार्थी पाहिला की मनापासून वाईट वाटते, कारण माहितीची मांडणी हाच तर आपला विषय.

परीक्षा

सत्रांत परीक्षेत घोटाळा होतो तो लिहिण्याच्या सवयीचा. वर्षभर पडद्यावर वाचलेले आणि कळफलकावर लिहिलेले असते, आणि त्या दिवशी मात्र बहुतेक ठिकाणी तीन तास हाताने लिहावे लागते. शेवटच्या दोन महिन्यांत दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका घड्याळ लावून पूर्ण लिहून काढावी. प्रात्यक्षिकाच्या पेपरला वर्गांकाबरोबर तो कसा बांधला त्याच्या पायऱ्या लिहाव्यात. अंतिम अंक चुकला तरी पायऱ्यांचे गुण मिळू शकतात. वर्गीकरणाचे खंड परीक्षागृहात मिळणार आहेत की प्रश्नपत्रिकेत उतारे देणार आहेत, हे अभ्यासकेंद्रावर आधीच विचारून घ्यावे, म्हणजे सराव त्याच रीतीने करता येतो.

निकालानंतर गुणपत्रिका, तात्पुरते प्रमाणपत्र आणि स्थलांतर प्रमाणपत्र यांचे अर्ज त्याच महिन्यात करावेत. परदेशी जाण्याचा विचार असेल तर अभ्यासक्रमाचा सविस्तर मजकूर आणि श्रेयांकांचा तपशील विद्यापीठाच्या शिक्क्यासह घेऊन ठेवावा, कारण तिथे पदवीची समकक्षता तपासणारी संस्था तो मागते. आणि ज्या ग्रंथालयात आपण शिकलो तिथल्या ग्रंथपालांकडून एक पत्र अवश्य घ्यावे. त्यात कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, कोणकोणत्या विभागांत आणि कोणते काम केले हे आकड्यांसह लिहिलेले असावे. माझ्या पहिल्या मुलाखतीत समितीने गुणपत्रिका उलटून बाजूला ठेवली आणि त्यानंतरचे वीस मिनिटांचे सगळे प्रश्न त्या पत्रातील कामांवर विचारले.